मंडपवाले भाऊ, तुम्हाला जाहीर थँक्यू

भाऊ, तुम्ही फेसबुकवर नाही हे माहीत आहे, पण तुमची मुलगी आहे, ती वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितोय. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवता, म्हणून हा उपाय.

10 डिसेंबर, म्हणजे 1948 साली युनोने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला तो दिवस, तो धरून आमच्या गोव्यातल्या वाळपईत जगभरातल्या लढ्यांवरचे सिनेमे दाखवायचे असं आमचं ठरलं. पोस्टर लागले, लोकांना सांगून झालं, आणि आदल्या संध्याकाळी हॉलवाल्यांचा फोन, "वरून विचारणा झाली, राजकारणाचं काही असेल तर नको." वरून म्हणजे कुठून ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोर्तुगीज काळात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची असं आजोबा सांगायचे, आता सेन्सॉर नाही तर लोक स्वतःच स्वतःला कात्री लावतात! भाषणांत आमच्या पाठीशी असणारे दोन-तीन मोठे लोकही त्या रात्री अचानक "आउट ऑफ गोवा" होते.

तुम्ही मात्र ऐन लग्नसराईत गोडाऊन रिकामं करून दिलंत. जनरेटर, साऊंड, पडदा हे सगळं आहेच, त्याबद्दल लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते सोफ्याबद्दल.

पहिला सिनेमा चालू होता, पॅलेस्टाईनमधल्या बिलीन गावचा. '5 ब्रोकन कॅमेराज', 2011 चा. गावच्या जमिनीतून इस्रायलने कुंपण घातलं, त्याविरुद्ध गावाने केलेली आंदोलनं इमाद बुरनात नावाच्या तिथल्याच शेतकऱ्याने शूट केली, त्यात त्याचे एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. तेव्हा मेळावलीकडच्या काही बायका आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, चपला हातात घेऊन. खुर्च्यांवर शर्टपँटवाले बसलेले बघून आत येईनात. आम्ही आयोजक लांबूनच "या ना, या ना" असे हात करत होतो, जागचे उठलो नाही. तुम्ही काही न बोलता मागे गेलात आणि नवरानवरीचा तो लाल सोनेरी सोफा एकट्याने ओढत आणलात, खांद्यावरच्या टॉवेलने पुसलात, थेट पहिल्या रांगेच्याही पुढे लावलात आणि म्हणालात, "बसात गो, हांगासून बरें दिसता." बसल्या! पडद्यावर ऑलिव्हची झाडं जळालेली दिसली तेव्हा त्यातली एक मोठ्याने म्हणाली, "आमचे काजू असेच गेले असते." 2021 मध्ये आयआयटीच्या जमिनीसाठी शेळ-मेळावलीत पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या बायका या, शेवटी सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्यांना मानवी हक्क म्हणजे काय हे आम्ही माईकवरून समजावणार होतो, बोला.

नंतर चिलीचा सिनेमा लागला. 1973 मध्ये तिथला लष्करप्रमुख पिनोचे याने सत्ता बळकावल्यावर जी माणसं गायब झाली, त्यांची हाडं अटाकामाच्या वाळवंटात फावड्याने शोधत फिरणाऱ्या बायका. सबटायटल इंग्लिशमध्ये, तरी सोफ्यावरून कुणी उठलं नाही.

भाऊ, मी बऱ्याच सेमिनारांना गेलोय, एसी हॉलमध्ये डिग्निटीवर तासतासभर बोलणारे ऐकलेत. चहा देणाऱ्या पोऱ्याकडे त्यातला एकजण मान वर करून बघत नाही. तुमच्यासारखी माणसं गावागावात असतात, त्यांना कोणी स्टेजवर बोलवत नाही आणि त्यांनाही यायचं नसतं. तुम्हाला शाल द्यायला गेलो तर तुम्ही वायर गुंडाळायला निघून गेलात.

भाड्याचं विचारलं तर "डिझेलचे तेवढे द्या" म्हणालात. चालणार नाही, पूर्ण बिल पाठवा. आणि सोफ्याच्या उजव्या हातावर चहा सांडलाय, रविवारी लग्न आहे ना तुमच्याकडे? मी शनिवारी सकाळी शाम्पू घेऊन येतो.