जानेवारीत येतेयस, त्याआधी हे वाच

प्रिय सखे,

तिकीट झाल्याचा मेसेज वाचला आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण दोन पोरं घेऊन न्यू जर्सीत, ते पण ऐन थंडीत, म्हणून काळजीही वाटली. फोनवर घाईघाईत अर्धं राहून जातं, त्यापेक्षा बसून लिहितेच. मी आले तेव्हा यातलं कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिला हिवाळा फार जड गेला गं.

आधी बॅगचं. मिक्सर आणू नकोस. इथे वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर 230 चा, नुसता प्लग बदलून तो नीट फिरत नाही आणि ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर ते धूड ओट्यावर सांभाळत बसायचं. इथल्या विजेवर चालणारे आपल्यासारखे मिक्सर एडिसन गावातल्या भारतीय दुकानांत मिळतात, इडलीचं वाटण छान होतं. कुकर मात्र आण, आणि त्याच मापाच्या दोन गास्केट, एक शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह सुद्धा, कारण ऐनवेळी तेच अडतं. अपार्टमेंटवाल्याला आत्ताच विचारून ठेव शेगडी कसली आहे, इंडक्शन असेल तर त्यावर चालणारं बूड असलेलाच कुकर लागेल. गोडा मसाला आईकडून भरपूर घे, इथे फ्रीझरमध्ये टाक. ताजा कढीपत्ता, रोपं वगैरे अजिबात नको, आणि एअरपोर्टवर विचारलं की खाण्याचं काय काय आहे ते सगळं सरळ सांगून टाक.

आता फोडणी. माझ्याकडे कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी होती, आपल्याला गॅसची सवय, बटण बंद केलं की आच गेली असं हाताला वाटतं, पण कॉइल नंतर कितीतरी वेळ तापलेलीच असते. तिसऱ्याच दिवशी मी आमटीच्या फोडणीत मिरच्या टाकल्या, बटण बंद केलं, वळून डाळ घोटायला घेतली, तेवढ्यात मिरच्या काळ्या पडून धूर झाला आणि छतावरचा धुराचा अलार्म असा काही किंचाळला की धाकटी झोपेतून उठून थरथरत होती. तेव्हापासून मोहरी तडतडली की कढलं उचलून शेजारच्या थंड शेगडीवर ठेवते आणि मग हिंग, हळद, मिरच्या. आधी खिडकी उघडायची, बेडरूमची आणि कोटांच्या कपाटाची दारं लावून घ्यायची, थंडीचे कोट रोज धुता येत नाहीत आणि तळणाचा वास त्यात जाऊन बसतो. शेगडीच्या वरचा धूर ओढणारा पंखा लाव, पण बऱ्याच अपार्टमेंटात तो हवा नुसती गाळून परत घरातच सोडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. आणि कितीही वैताग आला तरी अलार्मची बॅटरी काढायची नाही, ही घरं लाकडी असतात.

दह्याचं विचारलं होतंस ना, पोरांना दहीभात लागतो म्हणून. दूध चांगलं उकळ, बोट सोसवेल इतकं कोमट होऊ दे, विरजण घाल आणि ओव्हन बंदच ठेवून फक्त आतला दिवा लावून रात्रभर आत ठेव. जुना पिवळा बल्ब असेल तर तेवढी ऊब पुरते, एलईडीने होत नाही, मग शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं. विरजणाला दुकानातलं साधं, बिनगोडाचं दही चालतं, डब्यावर लाइव्ह कल्चर, म्हणजे दही लावणारे जिवंत जंतू आहेत, असं लिहिलेलं बघून घे. इडलीचं पीठही तिथेच फुगतं, तिकडे आठ-दहा तासांत येतं ते इथे थंडीत चौदा-सोळा तासही घेतं, घाई करू नकोस. ओव्हनच्या बटणावर मात्र ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी न विसरता चिकटव, नाहीतर कोणीतरी पिझ्झ्यासाठी ओव्हन लावायचं.

तुपासाठी साय जमवायच्या भानगडीत पडू नकोस, इथल्या दुधावर तशी साय धरतच नाही. बिनमिठाचं बटर आण आणि मंद आचेवर कढव, बेरी बदामी झाली की लगेच उतरव. पण ती भांडी गरम पाण्याने तशीच सिंकमध्ये धुवू नकोस गं, तूप-तेल पुढे पाइपात जाऊन थिजतं, आमचा सिंक असाच दोनदा तुंबला. आधी पेपर टॉवेलने पुसून घ्यायचं, उरलेलं तळणीचं तेल बाटलीत भरून कचऱ्यात. रवा, बेसन, कणीक जास्तीची असेल ती फ्रीझरमध्ये.

बाथरूममध्ये टबच्या बाहेर पाणी जायला बहुतेक जाळीच नसते, म्हणून पडदा टबच्या आत सोडूनच आंघोळ, आणि पोरांना पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर पाणी खालच्यांच्या छतातून उतरतं. हीटरने हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त यायचं मोठीच्या, ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावल्यावर थांबलं. रात्री खोबरेल लाव सगळ्यांना.

बॅगा भरायच्या आधी यादी पाठव, मी बघून सांगते काय काढायचं ते. आणि येशील त्या दिवशी स्वयंपाक करू नकोस, वरणभात, बटाट्याची भाजी आणि विरजण मी घेऊन येते.

तुझीच,
मैत्रीण