लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचे तिकीट

शिकागो,
रविवार, २३ ऑक्टोबर २०१६

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र मी दादाच्या ई-मेलवर पाठवत आहे. तो ते मोठ्या अक्षरांत छापून तुमच्याकडे लगेच पाठवून देईल, म्हणजे बाबांना डोळ्यांवर ताण न देता वाचता येईल. काल रात्रीपासून मी दोनदा फोन केला तो हेच सांगण्यासाठी, पण आईने "चकलीची भाजणी दळून ठेवली आहे, तू आल्यावरच तळू ना?" असे विचारले आणि पुढचे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

तेव्हा जे सांगायचे ते आधीच सांगते. येत्या बुधवारी, २६ तारखेला, मी निघत नाही. विमानाचे तिकीट बदलून घेतले आहे. आता ३ नोव्हेंबरच्या रात्री येथून निघेन आणि ५ तारखेला सांगलीत पोचेन. दिवाळी चुकेल, भाऊबीजही चुकेल. बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १५ तारखेला आहे, तिच्या आधी दहा दिवस मी घरी असेन; परतीची तारीखही तेवढीच पुढे ढकलली आहे, त्यामुळे तुमच्याजवळ राहण्याचा एकही दिवस मी कमी केलेला नाही. तुळशीचे लग्न आपण अंगणात मिळूनच लावू.

कारण ऐकून आई आधी रागावेल आणि मग बाबांकडे पाहील, हे मला इथून दिसते आहे. काल रात्री आमचे कब्स, म्हणजे शिकागोचा बेसबॉल संघ, जिंकले. २०१३ च्या उन्हाळ्यात ज्या मैदानावर आपण गेलो होतो, जिथे आईने शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याला डब्यातल्या दशम्या खाऊ घातल्या होत्या, त्याच रिग्ली फील्डवर. १९४५ नंतर प्रथमच ते बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सीरीजमध्ये, पोचले आहेत, आणि ती मालिका त्यांनी शेवटची जिंकली ती १९०८ मध्ये. पाचवा सामना ३० तारखेला रिग्लीवरच व्हायचा आहे आणि त्याची दोन तिकिटे सोडतीत मला मिळाली आहेत: एक माझे, एक तुमच्या नातवाचे. सोडतीत नाव लागले तेव्हा मी कोणालाच बोलले नाही, कारण कब्स तिथवर पोचतील असे धरून चालणे या शहरात अशुभ मानतात. काल रात्री शेवटचा खेळाडू बाद झाल्यावर मात्र मी विमान कंपनीला फोन लावला.

३० तारखेला लक्ष्मीपूजन आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही संध्याकाळी साडेसहाला पूजेला बसाल तेव्हा इथे सकाळचे आठ वाजलेले असतील. मी अंघोळ करून, नेसून, संगणकासमोर बसलेली असेन. आरती आपण बरोबरच म्हणू. सामना इथल्या संध्याकाळी सातनंतर सुरू होईल, म्हणजे तुमच्याकडे पाडव्याची पहाट उजाडलेली असेल. पूजा मी टाळत नाही, फक्त घराबाहेरून करते आहे.

बाबा, तुम्ही त्या दिवशी मैदानावर विचारले होते, की इतकी वर्षे हरणाऱ्या संघासाठी ही माणसे दर वेळी का येतात. त्या वर्षी कब्स ९६ सामने हरले होते आणि मला तुम्हाला नीट उत्तर देता आले नव्हते. वेलींनी झाकलेली ती विटांची भिंत आणि ज्याचे आकडे हाताने बदलतात तो धावफलक तुम्ही कितीतरी वेळ पाहत बसला होतात, चौकोनातून एक हात बाहेर येतो, जुनी पाटी काढून नवी लावतो, हे पाहून तुम्ही म्हणालात, "हे खरे मैदान." ती वेल आता ऑक्टोबरात लाल झाली आहे.

खरे उत्तर असे, की सवय मला तुम्हीच लावली. २५ जून १९८३ ला मी सहा वर्षांची होते. भारताच्या १८३ धावा झाल्या तेव्हा घरातली सगळी मोठी माणसे उठून गेली. तुम्ही तेवढे ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसून राहिलात आणि मी तुमच्या दुसऱ्या मांडीवर झोपले होते. कपिलने रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा तुम्ही मला हलवून उठवलेत. त्या दिवशी आत्याचे डोहाळजेवण होते आणि तुम्ही गेला नव्हतात. आत्या ते अजून काढते. आईनेही बरेच दिवस अबोला धरला होता. पण तुम्ही चुकलात असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. हे मी माझ्या बचावासाठी लिहिते आहे, हे कबूल करते.

आणि १४ ऑक्टोबर २००३ ची रात्र तर आईलाही आठवत असेल. मला येथे येऊन जेमतेम वर्ष झाले होते. फ्लोरिडाच्या संघाविरुद्ध कब्स तीन धावांनी पुढे होते, अंतिम मालिकेत जायला अवघे पाच गडी बाद करायचे राहिले होते, आणि त्या एका डावात समोरच्यांनी आठ धावा केल्या. मी रडत फोन केला तेव्हा आईला वाटले, कोणी गेले. कोणी गेले नव्हते. पण एका नवख्या, थंड शहरात मला पहिल्यांदा आपले वाटले ते त्या रात्री, कारण आगगाडीच्या डब्यात माझ्यासारखीच रडणारी पन्नास माणसे होती. तेरा वर्षे मी त्या पाच गड्यांची वाट पाहिली आहे.

यंदाचा संघ वेगळा आहे. साखळीत त्यांनी १०३ सामने जिंकले. दसऱ्याच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत ते २-५ असे मागे होते आणि शेवटच्या, नवव्या डावात चार धावा काढून त्यांनी सामना घेतला. मी तुमच्या नातवाला झोपेतून उठवून आपट्याच्या पानांऐवजी अंगणातली मेपलची पाने दिली. कोजागरीच्या रात्री, तिन्ही बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना लागणाऱ्या थांब्यांवर, आपले खेळाडू उभे असताना, मोंटेरोने होमरन, म्हणजे आपला षटकारच, मारली. मग लॉस एंजेलिसविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत एकही धाव झाली नाही, तेव्हा सगळे शहर पुन्हा २००३ च्या गोष्टी बोलू लागले. पण त्याच मालिकेतील चौथ्या सामन्यात झोब्रिस्टने मोठा फटका मारण्याचा हट्ट सोडून चेंडू नुसता हलकेच पुढे ढकलला आणि धावत पहिला बेस गाठला, तिथून गाठ सुटली: १०-२, ८-४ आणि काल ५-०.

कालचा आमचा गोलंदाज हेंड्रिक्स तुम्हाला फार आवडला असता, बाबा. तो वेगाने चेंडू टाकत नाही. तुम्ही बेदीबद्दल बोलता, तसे त्याच्याबद्दल बोलावेसे वाटते: जागा, उंची आणि फलंदाजाच्या मनातला गोंधळ, एवढ्यावर त्याचे काम चालते. या हंगामात दर नऊ डावांमागे त्याने सरासरी २.१३ धावा दिल्या, आणि बेसबॉलच्या दोन्ही मोठ्या लीगमध्ये यापेक्षा चांगला आकडा कोणाचा नाही. काल समोर कर्शॉसारखा दिग्गज गोलंदाज असताना त्याने आणि शेवटी आलेल्या चॅपमनने मिळून दोनच हिट (बेसवर पोचवणारे फटके) दिल्या आणि नऊ डावांत, डावाला तीन गडी या हिशेबाने, कमीत कमी लागतात तेवढे सत्तावीसच फलंदाज खेळायला आले, म्हणजे बेसवर पोचलेला एकही जण तिथे टिकू दिला नाही.

आता माझे भाकीत लिहिते. अंतिम मालिकेत समोर असलेल्या क्लीव्हलँडला मी कमी लेखत नाही. त्यांनीही १९४८ नंतर ही मालिका जिंकलेली नाही, बोस्टनला त्यांनी सरळ तीन सामन्यांत बाहेर काढले, आणि त्यांचा प्रशिक्षक फ्रँकोना आपला सर्वांत घातक गोलंदाज मिलर शेवटासाठी राखून न ठेवता सामना अडेल तिथेच, पाचव्या-सहाव्या डावातही, आणतो. हे मला फार शहाणपणाचे वाटते. २००४ मध्ये बोस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपला तेव्हा प्रशिक्षक हाच फ्रँकोना होता आणि संघ बांधणारा एपस्टीन होता. तो एपस्टीन आता कब्सकडे आहे. पहिला सामना मंगळवारी क्लीव्हलँडला आहे. त्यांचा गोलंदाज क्लूबर समोर असल्यामुळे तो आपण हरू. दुसरा बहुधा आपला अरिएटा टाकेल आणि जिंकेल. तिसरा रिग्लीवर, हेंड्रिक्सचा, आपला. चौथ्यात क्लूबर पुरेशी विश्रांती न घेता परत येईल, तरी तो सामना त्यांना जाईल. पाचवा, आमच्या तिकिटाचा, आपला गोलंदाज लेस्टर जिंकून देईल आणि सहाव्यात मालिका संपेल. लेस्टरला पहिल्या बेसकडे चेंडू फेकायला जमत नाही आणि क्लीव्हलँडचे खेळाडू बेस चोरण्यात, म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळण्यात, पटाईत आहेत, एवढीच काळजी आहे. मनातले एक सांगते: कब्सने सलग चार सामने जिंकले तर पाचवा होणारच नाही आणि मी दिवाळी उगाच चुकवली असे होईल, तरीही त्यांनी चारच सामन्यांत जिंकावे, असेच मी देवाकडे मागते आहे.

कब्सचा श्वार्बर नावाचा मुलगा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुडघ्याचे अस्थिबंध फाटून पडला, हंगाम संपला असे सगळ्यांनी धरले होते. साडेसहा महिने रोज व्यायाम करून तो काल ॲरिझोनात पुन्हा सराव सामना खेळला आणि मंगळवारी कदाचित संघात असेल. आईने हे वाक्य दोनदा वाचावे आणि गुडघ्याचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ करावेत. त्याचप्रमाणे क्लीव्हलँडचा बाउअर घरी ड्रोन दुरुस्त करताना करंगळी कापून बसला आणि ऐन सामन्यात टाके उसवून रक्त वाहू लागल्यामुळे त्याला मैदान सोडावे लागले. बाबांनी मिक्सर घरी उघडू नये, आणि आकाशकंदील लावायला स्टुलावर अजिबात चढू नये. दादा शुक्रवारी पुण्याहून येतो आहे, तो लावील. चकल्या वहिनीबरोबर तळा, माझ्यासाठी थांबू नका, फक्त भाजणी थोडी ठेवा.

इथल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल बाबा विचारतील, कारण तो खेळ त्यांना कबड्डीसारखा वाटला होता. आमच्या शिकागोच्या बेअर्सचे यंदा काही खरे नाही: सातपैकी एकच सामना जिंकला, गुरुवारी ग्रीन बेला १०-२६ असे हरले आणि कटलरच्या जागी आलेल्या हॉयरचा हातही मोडला. जानेवारीच्या प्लेऑफमध्ये ते नसतील. डॅलसमध्ये प्रेस्कॉट आणि एलियट ही दोन नवी पोरे सुंदर खेळत आहेत. चार सामन्यांची बंदी संपवून न्यू इंग्लंडचा ब्रेडी परतला आहे. ५ फेब्रुवारीला ह्यूस्टनला अंतिम सामन्यात हे दोन संघ समोरासमोर येतील आणि न्यू इंग्लंड जिंकेल, असे मला वाटते.

माझी काळजी करू नका. सामन्याला गरम अंतर्वस्त्रे, आईने विणलेला निळा स्वेटर आणि थर्मासमध्ये गवती चहा घेऊन जाणार आहे. स्वेटरचा रंग कब्सचाच आहे. परतताना आगगाडीचे स्थानक मैदानालगतच आहे आणि 'हे' आम्हाला घ्यायला पुढच्या स्थानकावर येतील. पाडव्याला बाबांनी बी.पी.ची गोळी आणि नाश्ता झाल्याशिवाय दादाच्या फोनवर स्कोअर पाहायचा नाही. दादाची ओवाळणी मी ५ तारखेला घेईन, त्याने तोवर खर्च करू नये.

आई, तू रागावली असशील तर रागावलेलीच राहा, पण माझ्याशी बोल. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला दिवाळी लागत नाही.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, सामन्याच्या आदल्या रात्री तुम्ही निकाल चिठ्ठीवर लिहून ट्रान्झिस्टरखाली ठेवत होतात, तशी एक चिठ्ठी मंगळवारच्या आत लिहा आणि देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवा. मला फोनवर सांगू नका, दादालाही दाखवू नका. ५ तारखेला आल्यावर हातपाय धुऊन मी ती उघडेन.