दोन्ही तीन गिगाहर्ट्झ, तरी कोणता घ्यावा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गावची वाचनालये, देवस्थान समित्यांची कार्यालये, लहान शाळांच्या संगणक खोल्या, शिकवणीचे वर्ग अशा ठिकाणी जुने डेस्कटॉप अजूनही विकत घेतले जातात किंवा देणगी म्हणून येतात. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही विचारा, प्रोसेसरची दोन नावे हमखास ऐकू येतात. एक इंटेलचा पेंटियम ड्युअल कोर ई५७००, दुसरा कोअर टू ड्युओ ई८४००. ‘दोन्ही सारखेच’ असे एक दुकानदार सांगतो, तर दुसरा ‘ड्युओ म्हणजे दुप्पट’ सांगून जादा पैसे लावतो. दोघांचेही म्हणणे चूक आहे, म्हणून हे पत्र.

साम्य बरेच आहे. दोन्हींत दोन कोर, वेग ३ गिगाहर्ट्झ, ४५ नॅनोमीटरची बनावट, ७७५ चे सॉकेट आणि उष्णतेचा आकडा ६५ वॅट. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरने दोन असल्यासारखे काम करण्याची सोय, दोन्हींत नाही. ई८४०० जानेवारी २००८ मध्ये बाजारात आला, ई५७०० ऑगस्ट २०१० मध्ये. म्हणजे अडीच वर्षांनी नवा असलेलाच खालच्या दर्जाचा आहे. ‘हा नंतरचा मॉडेल आहे’ या सांगण्याला येथे काही अर्थ नाही.

मुख्य फरक दोन ठिकाणी आहे. ई८४०० मध्ये ६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), ई५७०० मध्ये २ एमबी. दुसरा फरक बसचा, म्हणजे प्रोसेसरकडे माहिती ये-जा करते त्या मार्गाचा. ई८४०० हा ३३३ ला ९ ने गुणून तीन हजार मेगाहर्ट्झवर, म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर पोचतो, ई५७०० मात्र २०० ला १५ ने गुणून. मूळ आकड्याच्या प्रत्येक ठोक्याला बसच्या चार फेऱ्या होतात, त्यामुळे एकाची बस १३३३, दुसऱ्याची ८००. प्रत्येक फेरीत आठ बाइट जातात, तेव्हा मेमरीकडून प्रोसेसरकडे सेकंदाला एकीकडे सुमारे १०.६ जीबी आणि दुसरीकडे ६.४ जीबी माहिती येऊ शकते. याशिवाय ई८४०० मध्ये एसएसई ४.१ या प्रोसेसरला समजणाऱ्या जादा सूचना आहेत, ई५७०० मध्ये नाहीत. कार्यालयीन कामात ते जाणवत नाही.

आता ज्या मुद्द्याकडे विकणारे आणि घेणारे दोघेही काणाडोळा करतात तो. डीडीआर२-८०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी लावली तर ती मुळात देतेच सेकंदाला ६.४ जीबी. म्हणजे ई८४०० ची रुंद बस सुमारे चाळीस टक्के रिकामीच धावते आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे फुकट जातात. कॅशचा फायदा तेवढा उरतो. याच्या उलट, ई५७०० ची बस एका रॅमनेच भरते. तिथे दुसरी रॅम लावायची ती जागा वाढावी म्हणून, प्रोसेसर वेगवान व्हावा म्हणून नव्हे. ई८४०० घेत असाल तर एकसारख्या दोन रॅम, दोन्ही खाचांत, हे आधी ठरवा. ते जमणार नसेल तर ई५७०० घेतलेला बरा.

प्रत्यक्ष कामात हा फरक कुठे दिसतो? मोठी फाइल झिप करताना, फोटोंचा ढीग लहान करताना, लिब्रेऑफिस कॅल्कच्या हजारो ओळींच्या तक्त्यात, जुन्या खेळांत. पत्रे टाइप करणे, पावत्या छापणे, पीडीएफ वाचणे यांत घड्याळ लावूनही तो कळणे कठीण. ब्राउझर अडखळतो तो बहुधा रॅम कमी पडल्याने आणि हार्ड डिस्क जुनी असल्याने. यूट्यूबच्या बाबतीत तर दोन्ही एकाच नावेत बसलेले आहेत, कारण या मदरबोर्डांवरचे ग्राफिक्स आजच्या व्हिडिओंचा भार उचलत नाही आणि सगळे ओझे प्रोसेसरवर येते. ४८० वर निवांत पाहा, ७२० पर्यंत जमवून घ्या, १०८० चा हट्ट धरू नका.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की प्रोसेसरच्या आधी बोर्ड बघावा. जी३१ चिपसेटला (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) डीडीआर२ रॅम लागते आणि ती ४ जीबीच्या वर जात नाही. जी४१ ला ८ जीबीपर्यंत जाता येते. डीडीआर३ चा जी४१ बोर्ड आणि ई५७०० हा संच, जी३१ आणि ई८४०० या संचापेक्षा आज अधिक उपयोगाचा आहे. ९४५ चिपसेटचा बोर्ड असेल तर १३३३ ची बस त्याच्या आवाक्याबाहेरची. त्यावर ई८४०० टाकला की बहुधा पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो.

रॅम घेतानाही फसगत होते. जी४१ वर ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घ्यायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली घ्यावी. एकाच बाजूला ८ चिप असलेली नवी पट्टी हा चिपसेट ओळखत नाही. मशीन सुरूच होत नाही आणि दोष बोर्डाच्या माथी मारला जातो. ४ जीबीची डीडीआर२ पट्टी फारच स्वस्त मिळाली तर ती फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणारी असण्याचा संभव मोठा. इंटेलवर ती निरुपयोगी.

ई५७०० काढून ई८४०० बसवायचा असेल तर क्रम असा ठेवावा. बोर्डाचे नाव आणि आवृत्ती वाचून कंपनीच्या यादीत प्रोसेसर तपासा. ई८४०० च्या झाकणावर एसएलएपीएल (SLAPL) किंवा एसएलबी९जे (SLB9J) असे कोरलेले असते. त्यातला दुसरा नंतरच्या घडणीचा असून त्याला नवा बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, लागू शकतो. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करा, तोही यूपीएसवर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी डोळा मारेल याचा नेम नसतो, आणि अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे मेलेला बोर्ड. नंतर मशीन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट मऊ होऊन कूलर सहज सुटतो. वायर काढा, कूलरच्या चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. ७७५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. त्यांना बोट, कापूस, फुंकर, काहीही लावू नका. एक पिन वाकली तरी मशीन सुरू होईनासे होऊ शकते. कडेच्या दोन खाचा आणि सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवा, दाबू नका. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. खुंट्या पुन्हा बाणाच्या उलट फिरवून ठेवा, समोरासमोरच्या जोडीने दाबा, ‘टक’ ऐका आणि बोर्डाच्या मागून बघा. प्रत्येक पांढऱ्या पायाच्या मधोमध काळी खुंटी आरपार दिसली पाहिजे. चारपैकी एक बसली नाही तरी कूलर तिरका राहतो, तापमान चढते, प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि लोक म्हणतात ‘ड्युओ तर आधीपेक्षा संथ’.

तापमान मशीन रिकामे असताना मोजू नये. या ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरांतले काही संवेदक खालच्या आकड्यावर अडकतात. काम देऊन दहा मिनिटांनी बघा.

विकत घेताना स्टिकरवर विसंबू नका, तो कुणीही चिकटवतो. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीची पेनड्राइव्ह लावून टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा द्या. एल२ (कॅश) समोर ६ एमबी आले तर ई८४०० किंवा त्याचे भाऊबंद, २ एमबी आले तर ई५७०० किंवा त्याचे भाऊबंद. ‘ड्युअल कोर’ या नावाखाली पेंटियम डी सुद्धा खपवला जातो. तो २००५-०६ चा, भट्टीसारखा तापणारा. तो फुकट दिला तरी नको.

‘विंडोज ११ टाकून देतो’ असे कुणी म्हणाल्यास सावध राहा. त्याच्या २४एच२ आवृत्तीला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना लागतात. दोन्ही प्रोसेसरांत त्या नाहीत, तेव्हा ती सुरूच होणार नाही. पळवाटेने जुनी आवृत्ती बसवता येते, पण २३एच२ च्या होम आणि प्रो प्रकारांचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला. इंटरनेट वापरायचे तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ४ जीबी रॅम आणि १२० जीबीची एसएसडी हा मार्ग उरतो. एसएसडी या बोर्डांवर पूर्ण वेगाने धावणार नाही, तरी जुन्या हार्ड डिस्कपुढे फरक पहिल्याच दिवशी कळतो. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात मिळतो.

एक अपवाद मात्र नोंदवावासा वाटतो. छपाईच्या व्यवसायात जुने डीटीपी सॉफ्टवेअर आणि पॅरलल पोर्टला लावायचे त्याचे डोंगल (ज्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही) अजून चालते ठेवावे लागते. तिथे जुने विंडोज राहू द्या, फक्त नेटची वायर काढून ठेवा. त्या कामाला ई५७०० भरपूर झाला.

चतुर्थीच्या सुटीनंतर मशीन उघडले की तारीख २००९ किंवा तशीच काहीतरी दिसते आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगतो. व्हायरस समजून फॉरमॅट मारू नका. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. ती बदलून तारीख लावली की झाले. रॅम दमट हवेने काळवंडली असेल तर तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसावेत, पट्टी बाहेर काढूनच.

खरेदी करणाऱ्या समित्यांना विनंती, की दरपत्रक मागवताना नुसते ‘ड्युअल कोर संगणक’ असे लिहू नये. प्रोसेसरचा क्रमांक, चिपसेट, रॅमचा प्रकार आणि पट्ट्यांची संख्या, बायोसची आवृत्ती एवढे लिहून मागावे. प्रोसेसरमधला फरक शे-दोनशे रुपयांचा असेल आणि बोर्ड जी४१ असेल तर ई८४०० घ्या. त्याहून जास्त सांगत असतील तर ते पैसे एसएसडीत घाला.

आपले नम्र,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, फोंडा