शेवटच्या नळाचा आकडा लोकांना कळू द्या

मा. पाणीपुरवठा मंत्री यांस,
सादर नमस्कार.

पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. नमुन्यांबरोबर शिल्लक क्लोरीनच्या, म्हणजे जंतू मारून पाण्यात उरलेल्या क्लोरीनच्या, नोंदवह्याही पाहिल्या. ऊन वाढलं की क्लोरीन लवकर उडतं, पाणी गढूळ झालं की गाळातच खर्ची पडतं. म्हणून खरा आकडा रोज थोडाफार हलतो. महिनाभर ०.५, ०.५, ०.५ अशी एकसारखी ओळ दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावाच्या नोंदवहीत असेच न मोजलेले आकडे होते. मे २००० मध्ये मुसळधार पावसाबरोबर शेणातले जंतू गावाच्या विहिरीत उतरले. १७ मे रोजी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचं पाणीपुरवठा विभागाला कळवलं. तो अहवाल तिथेच अडकला. आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हाही पाणी चांगलं असल्याचं सांगितलं गेलं. अखेर २१ मे रोजी त्यांनीच ‘पाणी उकळून प्या’ असं जाहीर केलं. ७ माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. पुढे चौकशीत निघालं, की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती.

जंतूंच्या तपासणीला साधारण एक दिवस लागतो. तोवर ते पाणी पोटात गेलेलं असतं. शिल्लक क्लोरीन मात्र नळाशी उभं राहून काही मिनिटांत कळतं. पण ते शुद्धीकरण केंद्रात मोजून पुरत नाही. पाणी ठरावीक वेळीच सोडलं जातं तिथे नळ बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. केंद्रातून निघालेलं स्वच्छ पाणी वाटेत नासतं. कॉलरा, विषमज्वर, कावीळ याच वाटेने घरात येतात.

माझी मागणी एवढीच. वाहिनीच्या शेवटच्या नळावर रोज क्लोरीन मोजावं आणि तो आकडा तिथेच फलकावर लिहावा. तो ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेला तर त्याच दिवशी गळती शोधायला माणूस जावा. आणि प्रयोगशाळेचा दूषित पाण्याचा अहवाल पाणी खात्याला जाईल त्याच क्षणी आरोग्य खात्यालाही थेट जावा. मधल्या कुणाच्या परवानगीची त्याला गरज नसावी. तो दाबून ठेवणं गुन्हा ठरवा.

पावसाचं पहिलं गढूळ पाणी येण्याआधी हा आदेश निघावा. नोंदवहीचा नमुना हवा असेल तर मी स्वतः तयार करून देईन.

आपला,
निवृत्त पाणी तपासनीस