शाळेची जागा आधी आखा : नगरनियोजनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगर व ग्रामनियोजन मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

विषय : शाळांसाठी जमीन प्रादेशिक आराखड्यात आणि ओडीपीत (शहरी भागांच्या विकास आराखड्यात) राखून ठेवण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

शाळेचे गाऱ्हाणे असले की लोक शिक्षणमंत्र्यांकडे जातात. मी हे पत्र मुद्दाम तुम्हाला लिहीत आहे. शिक्षक नेमणे, पुस्तके वेळेवर पोचवणे, माध्यान्ह आहारावर लक्ष ठेवणे ही शिक्षण खात्याची कामे झाली. पण शाळा कुठे उभी राहील, तिच्याभोवती मैदान उरेल की नाही, मूल तिथवर पायी जाऊ शकेल की नाही, हे तुमच्या खात्याच्या नकाशावर ठरते. नवी वस्ती होणार म्हणून तिच्या शाळेची जागा आधीच आखून ठेवलेली मला आमच्या पेडणे तालुक्यातल्या एकाही गावाच्या नकाशात आजवर दिसलेली नाही. ती आखली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी सगळी नोकरी पेडणे तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा उघडल्या, तेव्हा इमारती नव्हत्या. कुठे देवळाची अग्रशाळा, कुठे कुणाच्या घराची वसरी. पुढे एखाद्या भाटकाराने (जमीनमालकाने) बागायतीतला तुकडा दिला, कुठे कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामायिक जमीनसंस्थेची, जागा मिळाली, गावाने श्रमदान केले आणि चिऱ्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. देणाऱ्याचा शब्द पुरेसा होता, कागद कुणी मागितला नाही. त्या पिढीने घाई केली ती योग्यच केली. मुले शाळेत यायला हवी होती. नंतरच्या साठ वर्षांत तो कागद कुणीच केला नाही, ही मात्र सरकारची चूक आहे.

तिची किंमत काय पडते ते मी जवळून पाहिले आहे. दोन खोल्यांची शाळा, वर मंगळुरी कौले, मागे काजूचे भाट, म्हणजे बाग. वाशांना वाळवी लागली म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला, तर जागेची कागदपत्रे जोडा असे उत्तर आले. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या कब्जाच्या नोंदीचा, उतारा काढला. कब्जेदाराच्या रकान्यात ज्यांनी जागा दिली त्या भाटकारांचेच नाव, आणि ते जाऊन कित्येक वर्षे लोटलेली. वारस काही मुंबईला, काही पोर्तुगालला. शाळेचा उल्लेख उताऱ्यावर कुठेच नाही. वारसांच्या ना-हरकतीची वाट पाहण्यात पावसाळा आला. छपरावर निळे प्लास्टिक टाकले आणि पहिली ते चौथी अशी चारही इयत्तांची मुले एका खोलीत दाटीवाटीने बसली. एका फळ्याचे खडूने चार भाग करून शिकवणे कसे असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. त्या वर्षी दोन पालकांनी दाखले काढून नेले. मी त्यांना थांबवू शकले नाही. छपरावर प्लास्टिक टाकलेल्या शाळेत मूल ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता अंतराबद्दल. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. केंद्राच्या 2010 च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर चालण्याच्या अंतराची मर्यादा घातली. डोंगर, पूर, रस्ता नसणे अशा अडचणी असतील तर हे अंतर आणखी कमी धरावे, असेही त्या नियमांत आहे. आमच्या एका वाड्यावरची मुले काजूच्या भाटातल्या पायवाटेने शाळेला येत. भाट विकले गेले, प्लॉट पडले, चिऱ्यांचे कुंपण आले, कुंपणाला लोखंडी गेट आले. पायवाट कुणी बंद केली अशी नोंद कुठल्याच कार्यालयात नाही, कारण ती पायवाट सर्व्हेच्या नकाशावर नव्हतीच. मुलांना वळसा पडला, आणि तो खडीचे टिप्पर धावतात त्या रस्त्याने. सहा वर्षांच्या मुलाला त्या रस्त्याने एकटे कोण पाठवील? आई-वडिलांनी त्याला बस येते त्या दूरच्या शाळेत घातले. आमचा पट घसरला. मग पट कमी म्हणून शाळा विलीन करण्याच्या यादीत आमच्या शाळेचे नाव आले.

महोदय, लोकांना सरकारी मराठी शाळा नकोच आहेत, असे सर्रास म्हटले जाते. शिक्षणाच्या माध्यमाचा वाद गोव्यात जुना आहे आणि त्याचा परिणाम नाही असे मी म्हणणार नाही. जन्मदरही उतरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण प्रजनन दर 1.3 आला, म्हणजे दोन माणसांमागे दोन मुलेही नाहीत. पण कित्येक शाळांचा पट एका गेटमुळे, एका वळशामुळे, एका न दुरुस्त झालेल्या छपरामुळे गेला आहे. तो हिशेब शिक्षण खात्याच्या आकडेवारीत येत नाही, कारण ते कारण जमिनीचे आहे.

एकीकडे शाळा ओस पडत आहेत आणि दुसरीकडे जिथे माणसे येत आहेत तिथे शाळेला वीतभर जागा ठेवलेली नाही. मोप्याच्या पठारावरून जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली. धारगळला आयुर्वेद संस्था आली, तुयेत इलेक्ट्रॉनिक वसाहतीचे काम झाले, महामार्ग रुंद झाला. वारखंड, नागझर, उगवे, तोर्से, कोरगाव, कुठेही जा, भाटांत आणि सड्यांवर प्लॉटच्या पाट्या दिसतील. त्या पाट्यांवर विमानतळ किती मिनिटांवर, समुद्र किती मिनिटांवर हे लिहिलेले असते. शाळा किती मिनिटांवर, हे मी एकाही पाटीवर वाचलेले नाही.

केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत साधारण 5,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि तिला 0.40 हेक्टर, म्हणजे 4,000 चौरस मीटर जागा धरली आहे. त्यातली निम्मी खेळाच्या मैदानाला. 7,500 लोकवस्तीमागे एक उच्च माध्यमिक शाळा, तिला 1.80 हेक्टर. पर्वरीसारख्या भागात आज 1.80 हेक्टर सलग जमीन शाळेसाठी कुठून आणणार? तिथे शाळा सुटली की महामार्गालगतचे रस्ते कसे तुंबतात, हे सचिवालयाच्या दारातच घडत असल्याने मी वेगळे सांगायला नको. पेडण्यात ती जमीन अजून आहे. दहा वर्षांनी नसेल.

हे आकडे गोव्याला जसेच्या तसे लावावेत, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे एका संकुलात शंभर फ्लॅट असले तरी त्यातले कितीतरी दिल्ली-मुंबईवाल्यांची सुट्टीची घरे असतात. मे महिना आणि डिसेंबर सोडला तर खिडक्या बंद. त्याच संकुलाचे बांधकाम चालू असताना मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची मुले असतात, आणि ती आमच्याच सरकारी शाळेत येतात. कन्नड, हिंदी बोलणारी ही मुले वर्षभरात मराठीत पाढे म्हणू लागतात. काम संपले की कुटुंब पुढच्या साइटवर जाते. म्हणून नुसती लोकसंख्या मोजून भागणार नाही. शिवाय ती तरी कुठे ताजी आहे? शेवटची जनगणना 2011 ची. प्रादेशिक आराखड्याच्या नावातच 2021 आहे, आणि ते साल कधीच मागे पडले.

पण माहिती नाही म्हणून नियोजन नाही, ही सबब मला मान्य नाही. पंचायतीत जन्मनोंदणीचे दप्तर असते. आज नोंदलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येणार, याला ज्योतिषी लागत नाही. अंगणवाडी सेविकेकडे आपल्या वाड्यावरच्या प्रत्येक लहान मुलाची नोंद असते, त्यात मजुरांची मुलेही येतात. कुठल्या फ्लॅटमध्ये माणसे बारमाही राहतात आणि कुठला वर्षभर बंद असतो, हे वीज खात्याच्या बिलांवरून कळते. घरपट्टीची यादी आहे, तुमच्या खात्याने दिलेल्या तांत्रिक परवानग्यांची यादी आहे. भागशिक्षणाधिकारी, पंचायत सचिव, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि तुमचा तालुका नगरनियोजक ही चार माणसे वर्षातून एकदा एका टेबलाशी बसली, तर पुढच्या सहा वर्षांत कुठल्या गावाला किती खोल्या लागतील हे सांगता येईल. माझ्या अख्ख्या नोकरीत अशी बैठक झालेली मी पाहिली नाही.

दरम्यान जमीन मात्र हातची जात आहे. 2023 मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम 17 (2) आले आणि त्याखाली एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलू लागला. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. 2024 मध्ये झोन बदलाचेच कलम 39अ आले. या कलमांवर न्यायालयात आणि रस्त्यावर जे बोलले गेले ते तुम्हाला माहीत आहे, मी त्यात भर घालत नाही. माझा प्रश्न साधा आहे. ऑर्चर्डची (बागायतीची) जमीन सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये) जाते तेव्हा तिथे राहायला येणाऱ्यांची मुले कुठल्या शाळेत जाणार, त्या शाळेत जागा आहे का, वाट आहे का, हे त्या फाइलमध्ये कुणी विचारते का? विचारत नसेल, तर तो एक रकाना घाला. त्याचे उत्तर भागशिक्षणाधिकाऱ्याने लेखी द्यावे आणि ते मिळाल्याशिवाय फाइल पुढे जाऊ नये.

आमची हद्द ओलांडली की सिंधुदुर्ग लागतो. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहरांच्या विकास आराखड्यात प्राथमिक शाळा, क्रीडांगण अशी आरक्षणे जमिनीच्या तुकड्यावर दाखवलेली असतात. तिथेही सगळे आलबेल नाही. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि सरकार ढिम्म राहिले तर आरक्षण उडते. त्यापासून आपण एवढेच शिकावे की रेघ मारून थांबायचे नाही, त्याच अंदाजपत्रकात भूसंपादनाचे पैसेही ठेवायचे. उशीर परवडणारा नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभाव धरून त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. विमानतळालगतच्या गावांत बाजारभाव कुठे चालला आहे हे पाहता आज जी जागा महाग वाटते, ती उद्या सरकारला घेताच येणार नाही.

यासाठी नेहमी जमीन हिसकावूनच घ्यावी लागते असेही नाही. मोठ्या प्रकल्पात ओपन स्पेस सोडावीच लागते. ती उताराच्या टोकाला, नाल्याकडेच्या निरुपयोगी पट्टीत न काढता जवळच्या शाळेला लागून किंवा शाळेच्या वाटेवर काढायला तुमचा नगरनियोजक सांगू शकतो. जुनी पायवाट प्लॉटच्या नकाशात रस्ता म्हणून दाखवली नसेल, तर तो नकाशा परत पाठवता येतो. या दोन गोष्टींना पैसाही लागत नाही.

पट संपलेल्या शाळांच्या इमारतींबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंगणवाडीला द्या, वाचनालयाला द्या, महिला मंडळाला द्या, पण थोड्या मुदतीने द्या आणि मालकी शिक्षण खात्याकडेच ठेवा. गावच्या मध्यावर, देवळाशेजारी, सगळ्या वाड्यांना जवळ अशी जागा पुन्हा मिळणे नाही. आज शून्य पट असलेल्या गावात विमानतळाची कामगार वस्ती उद्या उभी राहू शकते.

उच्च शिक्षणाबद्दल थोडक्यात. गोवा विद्यापीठाला ताळगाव पठारावर चारशेहून अधिक एकरांची जागा वेळेवर मिळाली, म्हणून ते आज सलग उभे आहे. आयआयटी 2016 पासून फर्मागुढीच्या उसन्या आवारात आहे. तिच्या जागेसाठी लोलये झाले, शेळ-मेळावली झाली, सांगे झाले. दरवेळी जागा आधी ठरली आणि लोकांना नंतर कळले. 2021 च्या जानेवारीत मेळावलीच्या बायाबापड्यांना आपल्या काजूच्या भाटांसाठी पोलिसांसमोर उभे राहावे लागले. ते शिक्षणाच्या विरोधात नव्हते. 2022 मध्ये आमच्या तालुक्याच्या झोनिंग प्लॅनलाही लोकांनी म्हणूनच विरोध केला आणि तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. ग्रामसभेत आधी नकाशा मांडा, त्यात शाळा दाखवा, मैदान दाखवा. पेडणेकर त्या नकाशाशी भांडणार नाहीत.

तेव्हा माझी मागणी अशी. सुरुवात पेडण्यातून करा. तालुक्यातल्या चालू आणि बंद अशा सगळ्या सरकारी शाळांचे सर्व्हे नंबर, हद्दी आणि मालकी तपासून यादी जाहीर करा. महसूल खात्याला सोबत घेऊन प्रत्येक शाळेची नोंद एक-चौदावर चढवा. वारस परदेशी असतील तिथे सरकारी वकील द्या, मुख्याध्यापिकेला दारोदार पाठवू नका. ती यादी होईपर्यंत शाळेपासून एक किलोमीटरच्या आतला कुठलाही झोन बदल थांबवा. या कामासाठी मला आठवतात त्या सगळ्या शाळांच्या जागा, जमीन देणाऱ्यांची नावे आणि मुलांच्या जुन्या वाटा मी लिहून काढल्या आहेत. तुमच्या पेडण्यातल्या कार्यालयाने बोलावले की त्या घेऊन येईन आणि नगरनियोजकांसोबत चालत जाऊन एकेक जागा दाखवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
पेडणे, गोवा