इन्सुलिनचा कंटाळा येतो त्यामागे कारणं असतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनानिमित्त तुमच्या पुरवणीत रोज इन्सुलिन घेणाऱ्यांनी उमेद कशी टिकवावी यावर पानभर लेख होता, सकारात्मक राहा, घरच्यांचा विचार करा वगैरे वगैरे. लेख वाईट नव्हता, पण लिहिणाऱ्याने स्वतःच्या पोटात कधी सुई टोचलेली नसावी असं सारखं वाटत राहिलं. मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला, आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते, म्हणून थोडं लिहितेय, जमलं तर छापा.

पहिली गोष्ट म्हणजे रोज सकाळी उमेद-बिमेद कुणाला असते हो? डबा भरायचा असतो, लोकल चुकवून चालत नाही, आणि त्यातच इन्सुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं, आत औषध भरलेलं इंजेक्शन) काढा, नवी सुई लावा, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतोय का बघा, मग पेनाचं बटण फिरवून डोसचा आकडा लावा, टोचा, दहा आकडे मोजा आणि मगच सुई बाहेर काढा. दात घासायला कुणी मोटिव्हेशन शोधत नाही, हात आपला आपण ब्रश उचलतो, हेही तसंच अंगवळणी पडावं लागतं. माझं चालू पेन मी समोर दिसेल असं ठेवते, कारण चालू पेन फ्रीजमधे ठेवायलाच पाहिजे असं नसतं, ३० डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे ते बाहेर चालतं (शिल्लक स्टॉक मात्र फ्रीजमधे, आणि फ्रीझरमधे चुकूनही नाही). आता मे महिन्यात आमच्या किचनमधे ३० डिग्री कुठलं राहायला, तेव्हा ते आतल्या खोलीत माठाला टेकून बसतं.

कंटाळा येतो तो सुईचा नाही येत. आजकालच्या पेनच्या सुया ४ मिलीमीटरच्या असतात, त्यांच्यापेक्षा डास जास्त चावतो आमच्याकडे. कंटाळा येतो तो सगळं नीट करूनही शुगर ऐकत नाही तेव्हा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी टोचायच्या, का तर तिथे दुखत नाही. दुखत नव्हतं कारण तिथे चरबीची गाठ झालेली, आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट तर कधी एकदमच रक्तात जातं. त्यामुळे फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर, आज बरी तर उद्या आकाशाला भिडलेली, मुलगा ओरडायचा की चोरून गोड खाल्लंस, आणि काकू म्हणायला लागल्या की घेतलं काय न घेतलं काय, सारखंच. आता यांना सकारात्मक राहा सांगून काय होणार होतं? शेवटी ओपीडीतल्या एका सिस्टरने पोटावरून बोटं फिरवली आणि तिला ती गाठ लागली. मग जागा बदलत राहायची, कधी पोट कधी मांडी, आधीच्या जागेपासून बोटभर लांब, हे शिकवलं, आणि डॉक्टरांनी डोस आधी थोडा कमी केला, कारण ताज्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो. हे डोस कमी करायचं काम घरच्या घरी कुणी करू नये, शुगर बघत डॉक्टरांनीच करायचं.

असंच सिरिंजचं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन जास्त करून ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीला ४०, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाली. गर्दीच्या वेळी केमिस्टने केशरी दिली आणि त्यात ४० वालं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. माणूस महिनाभर इमानेइतबारे टोचून घेतो आणि मग म्हणतो मला इन्सुलिन लागूच पडत नाही. उलटं झालं, म्हणजे १०० वालं लाल सिरिंजमधे भरलं, तर अडीचपट जातं, ते तर जिवावरच बेतायचं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का एवढंच बघायचं असतं, पण सांगतो कोण.

लोकांच्या बोलण्याबद्दल फार लिहीत नाही. लग्नाच्या हॉलमधे कोपऱ्यात पेन काढलं की कुणीतरी आत्या येऊन "अगं बाई, सुईपर्यंत गेलं का प्रकरण" म्हणणारच. वर्षं जातात तसं पॅनक्रियाजचं (स्वादुपिंडाचं) इन्सुलिन कमी पडत जातं, टाइप २ मधे, म्हणजे बहुतेकांना असतो त्या मधुमेहात, बऱ्याच जणांना गोळ्या पुरत नाहीत, त्यात पथ्य मोडल्याची शिक्षा वगैरे काही नसतं.

आता खरी तक्रार. अशा कंटाळलेल्या माणसाच्या हातात सकाळी पेपर पडतो आणि त्यातून पत्रक गळतं, "इन्सुलिन कायमचं बंद, मधुमेह मुळापासून बरा". नाव घेत नाही, पण बऱ्याच पेपरांत आतल्या पानांवरही अशा जाहिराती मी वाचल्यात. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे, म्हणजे तो बरा करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, पोराने असल्या भरवशावर इन्सुलिन सोडलं तर थोड्याच दिवसांत कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन आयसीयू गाठावं लागतं, जीवही जातो. तुमच्या जाहिरात खात्याने एवढी एक यादी टेबलावर ठेवावी.

आणि जमलं तर महिन्यातून एकदा एखाद्या डायबिटीस एज्युकेटरला किंवा ओपीडीत सुई धरायला शिकवणाऱ्या सिस्टरला अर्धा कॉलम द्या. प्रश्नांची कमी पडणार नाही. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बाईने संध्याकाळच्या डोसचं काय करायचं, हे विचारायला आमच्याच बिल्डिंगमधे दोघीतिघी बसल्यात.

आपली,
एक वाचक, भांडुप