पत्रिकेवर ‘सौ.’ की ‘डॉ.’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली. कॉलेजांच्या सेमिनारच्या पत्रिका, सर्टिफिकेटं, बॅनर हेच काम जास्त. प्राध्यापक लोकांच्या नावाआधी काय लावायचं याचा आपल्याकडे भारी गोंधळ आहे आणि त्यात मन दुखतं ते नेहमी ठरावीक लोकांचंच, म्हणून लिहून राहिलो.

मागच्या सीझनची गोष्ट. एका कॉलेजातून हाताने लिहिलेली यादी आली, त्यात सगळ्या पुरुषांच्या नावाआधी ‘प्रा. डॉ.’ आणि शेवटी एका मॅडमच्या नावाआधी ‘सौ.’. प्रूफ पाहायला नेमक्या त्याच मॅडम आल्या. तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. सगळा मजकूर नीट वाचला, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, मग आपल्या नावावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, भाऊ, इथे डॉ. टाकता येईल का? मी विचारलं, पीएच.डी. झाली ना मॅडम? म्हणाल्या, हो, चार वर्षं झाली. मी लगेच टाकलं. संध्याकाळी कॉलेजातून फोन आला की यादीत जसं आहे तसंच ठेवा, परमनंट स्टाफलाच ते लावतो आम्ही. मी ‘डॉ.’ काढलं आणि तीनशे पत्रिका ‘सौ.’नेच छापून दिल्या. गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, पण ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

आता यात बरोबर काय ते सांगतो, कारण इतक्या वर्षांत लोकांना विचारून विचारून मला एवढं तरी समजलं आहे. पहिले पदं होती लेक्चरर, रीडर आणि प्रोफेसर, मराठीत अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळेस नावं बदलली आणि युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमांतही तेच आलं, लेक्चररचे सहायक प्राध्यापक झाले, रीडरचे सहयोगी प्राध्यापक झाले. म्हणजे तिन्ही पदांत प्राध्यापक शब्द आहेच. आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्या आधीपासूनच कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येकाला प्रा. लावायची पद्धत आहे, त्यात काही वावगं नाही, फक्त लावायचं तर तासिकावाल्यांनाही लावा, तेही त्याच वर्गात तेच शिकवतात. ‘डॉ.’चं वेगळं आहे. ती पदवी आहे. नुसतं नेट-सेट, म्हणजे शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, झालेल्याला ती लागत नाही आणि पीएच.डी. झालेल्याची ती नोकरी असो नसो, रिटायर झाल्यावरही राहते, मग कॉलेजच्या ऑफिसने ती कशी काय काढायची? आणि ‘सौ.’ने फक्त लग्न झालंय एवढंच समजतं, सरांचं लग्न झालंय का हे कोणी पत्रिकेवर छापत नाही.

आपल्या नागपुरात अजून एक होतं. हिंदी मजकुरात कुलपति म्हणजे व्हाइस चान्सलर, मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर, सरकारी विद्यापीठांत ते राज्यपाल, आणि व्हाइस चान्सलर ते कुलगुरू. हिंदीवरून घाईत मराठी बॅनर केला की हमखास चूक होते. तसंच प्र-कुलगुरू, म्हणजे प्रो-व्हाइस चान्सलर, हे वेगळं पद आहे आणि प्रभारी कुलगुरू म्हणजे तात्पुरता कारभार पाहणारे, दोघांनाही ‘प्र.’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून प्रभारी हा शब्द मी नेहमी पूर्ण टाकतो.

वर्गात सर-मॅडम म्हटलं की झालं, त्यात आदर पूर्ण आहे. पण तीच सवय बाहेर चालत नाही. माझ्या भाचीने इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीला मेल केला, सुरुवातच ‘रिस्पेक्टेड सर’, आणि समोर निघाल्या बाई. तिकडे लेक्चररला प्रोफेसर म्हणत नाहीत, पीएच.डी. असेल तर डॉक्टर आणि आडनाव असं लिहितात, अमेरिकेत मात्र असिस्टंट प्रोफेसरलाही सरळ प्रोफेसर म्हणतात. त्या विभागाच्या वेबसाइटवर नाव आणि पद दोन्ही लिहिलेलं होतं, दोन मिनिटं पाहिलं असतं तर पोरीला इतकी लाज वाटली नसती.

तुम्हाला एक विनंती आहे. कॉलेजांच्या प्रेसनोट तुमच्याकडे येतात त्यात हेच ‘सौ.’ आणि ‘श्री.’ असतात आणि ते तसंच छापून येतं. तुमच्या डेस्कवरून एक फोन करून विचारत जा की या मॅडमची पीएच.डी. झाली आहे का. मी पण आता यादी घेतानाच प्रत्येक नावाची पदवी विचारून बाजूला लिहून घेतो, आणि कॉलेजवाले ‘सौ.’च ठेवा म्हणाले तर नुसतं नाव ठेवू का असं विचारतो. मागच्या महिन्यात दोन कॉलेजांनी ऐकलं.

आपला,
एक डीटीपीवाला, महाल, नागपूर